बाबांचा वर्ग बुडाला तो आठवडा

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागातल्या आमच्या घरी इंटरनेट द्यायची ती गावातलीच एक छोटी कंपनी होती. ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि त्या आठवड्यात बाबांचा वर्ग बुडाला. त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

वर्ग म्हणजे बोलण्याचा. अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली होती. जन्मभर ग्वाल्हेरात राहिलेला माणूस. नोकरी, बाजार, भांडणं सगळं हिंदीत केलेलं. पण झटक्यानंतर जे थोडे शब्द परत आले ते मराठी होते. मराठीतून शिकवणारं इथे कोणी मिळेना. शेवटी पुण्याच्या एक ताई मिळाल्या. रोज सकाळी त्या कॉम्प्युटरवर दिसायच्या, एकेक चित्र दाखवायच्या आणि बाबा घाम फुटेस्तोवर झगडून म्हणायचे, "खु...र्ची." मोबाईलच्या पडद्यावर त्यांना चित्रं नीट दिसत नसत, म्हणून माझा जुना कॉम्प्युटर त्यांच्या खाटेसमोर ठेवला होता. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरी करायचे. त्या जुन्या यंत्रावर विंडोज रांगायला लागल्यावर मीच त्याच्या जागी लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी प्रणाली घातली होती, आणि ती कुरकुर न करता चालत होती.

ऐन पावसाळ्यातल्या एका सकाळी ताई दिसल्याच नाहीत. पडदा कोरा. कंपनीला फोन केला तर म्हणाले, विलीनीकरणाचं काम चालू आहे, थोडं थांबा. थांबले. बाबा रोज वेळेवर केस विंचरून बसायचे, कोऱ्या पडद्याकडे बघायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. "पाणी" म्हणायला लागले होते, ते पुन्हा बोटाने तांब्या दाखवू लागले.

मी परत फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मोबाईल पे वाईफाई चल रहा है, मैम?"

"चल रहा है. कंप्यूटर पे नहीं."

"तो लाइन ठीक है. कंप्यूटर में कौन सा विंडोज है?"

लिनक्स म्हटल्यावर तिचा सूरच बदलला. "वो हम सपोर्ट नहीं करते." आणि तक्रार बंद. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. दर वेळी मी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि लिनक्स हा शब्द आला की माझंच काहीतरी चुकलंय असं ठरायचं.

फार भांडल्यावर त्यांचा माणूस आला. राउटरचा हिरवा दिवा बघितला, पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "मैडम, फॉर्मेट करके विंडोज डलवा लीजिए. ये सब हटाना पड़ेगा."

"उसमें मेरे पिताजी के सारे अभ्यास की रिकॉर्डिंग है," मी म्हटलं.

"तो क्या हुआ, नई बना लेना," म्हणत त्याने पेन ड्राइव्ह काढला.

खाटेवरून आवाज आला, "निघ."

त्याला मराठी कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. बाबा भिंतीकडून वळले होते, डावा हात दाराकडे होता. "निघ," ते पुन्हा म्हणाले, अगदी स्पष्ट. हा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता. मी त्याला हिंदीत समजावून सांगितलं आणि दार उघडलं.

तो गेल्यावर मी खुर्ची ओढून बसले. पिंग नावाची एक आज्ञा असते. एखाद्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. राउटरला हाक मारली, उत्तर आलं. बाहेरच्या एका यंत्राला त्याच्या आकड्यांच्या पत्त्यावर हाक मारली, तिथूनही आलं. मग त्यालाच नावाने हाक मारली. काही नाही. म्हणजे रस्ता धड होता, नावावरून आकडे शोधून देणारं यंत्रच उत्तर देत नव्हतं. सेटिंग उघडलं. तिथे त्या यंत्राचा पत्ता हाताने लिहिलेला होता. जोडणी देताना जुन्या कंपनीच्या माणसानेच तो लिहिला होता, "इससे तेज चलेगा" म्हणून. विलीनीकरणात ते यंत्र नव्या कंपनीने बंद केलं आणि कोणाला कळवलं नाही. मोबाईल राउटरकडून नवा पत्ता आपोआप घेत होते, म्हणून ते चालत होते.

मी जुना पत्ता पुसला, आपोआप घे असं सांगितलं, जोडणी बंद करून चालू केली. चाललं. एवढंच होतं. एक साधा मेसेज पाठवला असता तर बाबांनी एकही वर्ग चुकवला नसता.

मी फोन करून हे सगळं सांगितलं. आणखी किती घरी तोच पत्ता असेल, त्यांना तरी कळवा म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "मैम, आपका तो चालू हो गया ना?" मी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ताई दिसल्या. बाबांनी आधी तोंड फिरवलं. ताईंनी तांब्याचं चित्र समोर धरलं आणि ते तसंच धरून ठेवलं. "पा," बाबा म्हणाले, आणि अडकले. पूर्ण शब्द परत यायला दिवाळी उजाडली.