शेवटचा थांबा माहेर

भुजंगमामा डोक्यावर प्लॅस्टिकची खुर्ची उलटी घालून फिरायचे. खरंच सांगते! खुर्चीचे पाय आभाळाकडं आणि खाली मामा. आमच्या सिडकोतल्या गल्लीतून भल्या सकाळी असं काही चालत निघालं की समजायचं, मामा नवी वाट शोधायला चाललेत.

आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे ते. वाळूजच्या एका कंपनीची शिफ्टची बस त्यांनी आयुष्यभर चालवली, आणि रिटायर झाल्यावर कॉलनीला रविवारी झाडं-पक्षी दाखवत फिरवायचं खूळ डोक्यात घेतलं. पण फिरवायचे कसं, तर बस चालवल्यासारखं! आधी एकटे जाऊन वाट बघून यायचे. जिथं स्वतःला दम लागेल तिथं खुर्ची टेकवायची, निवांत बसायचं, आणि शेजारच्या झाडाला जुन्या साडीची चिंधी बांधायची. झाला थांबा. थांब्यांना नावं पण असायची. खुलताबादच्या चढावर आमचे अन्वरचाचा "तौबा तौबा" करत बसले होते, तो कायमचा तौबा थांबा.

"मामा, लांब आहे का हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "लई सोप्पं हाय. बसल्या-बसल्या पोचतंय माणूस."

फक्त एक पॅसेंजर त्यांच्या गाडीत कधी चढला नाही. मामी. त्यांचे गुडघे गेलेले. त्या गॅलरीतून ओरडायच्या, "अहो, खुर्ची घेऊनच फिरायचंय तर घरात बसा की! आन् ती नेली तर मी बसू कशावर?"

या दोघांची भांडणं म्हणजे आमच्या बिल्डिंगची करमणूक. मामी तापल्या की म्हणायच्या, "निघून जाईन माहेरी!" आणि मामा शांतपणे, "जा की. पवता येतंय का?"

कारण मामींचं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. लग्न होऊन त्या इकडं आल्या आणि मागं धरण भरलं. "बघितलंस का गं," मामी मला म्हणायच्या, "नवऱ्याला धमकी द्यायची पण सोय ठेवली नाय सरकारनं." आणि स्वतःच खो खो हसायच्या.

एकदा मात्र हसल्या नाहीत. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकदा त्या काठाला उभं राहून बघायचं होतं. आता कुठलं. कोण नेतंय मला तिथं?" मामा आत चहा करत होते. चहा उतू गेला, वास सुटला, तरी गॅस बंद करायला हात काही पुढं आला नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्ची निघाली. बिडकीनच्या पुढं, जायकवाडीच्या बॅकवॉटरकडं. मलाही सोबत नेलं, संक्रांतीचे दिवस होते. बाभळीच्या बनातून सपाट पायवाट, मग गवत, मग पाणीच पाणी. मामा म्हणाले, "तू मामी हाय असं समजून चाल." मी लंगडायला लागले. "नुसती लंगडू नको, टोमणे पण मार. त्याशिवाय टायमाचा अंदाज येत नाय." मी मनसोक्त टोमणे मारले! मामांनी इतक्या जवळजवळ चिंध्या बांधल्या की बनात कुणाचं लग्न आहे असं वाटावं.

कॉलनीत सांगितलं, रोहित पक्षी बघायला जायचंय. मामींना खरं कारण सांगितलंच नाही. "तुझ्या नावाची सीट धरलीय," एवढंच. मामी कुरकुरत, काठी टेकत आल्या. होळी नुकतीच झाली होती. दर चिंधीला मामा खुर्ची मांडायचे, मामी बसायच्या, टोमणा मारायच्या, उठायच्या. बाभळी संपल्या. शेवटची चिंधी आली.

आणि पाणी नव्हतं!

समोर नुसता वाळलेला, भेगाळलेला गाळ. लांब कुठंतरी पाण्याची चकाकणारी रेघ आणि तिच्यावर गुलाबी ठिपके. संक्रांतीनंतर कालव्याला पाणी सोडलेलं, काठ कितीतरी मागं सरकला होता. थांबा कधी जागा सोडत नसतो, हे मामांच्या हाडात मुरलेलं. पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"क्या मियाँ," अन्वरचाचा म्हणाले, "पानी किधर कू गया?"

"शिफ्ट बदलली त्यानं," मामा म्हणाले. पण चेहरा पार उतरला होता. मामींकडं बघेचनात.

मामी मात्र काठी वर करून गाळातल्या काळ्या दगडांकडं बघत होत्या. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्यो आमच्या मारुतीचा ओटा हाय."

आणि निघाल्याच! मामा पुढं पळून खुर्ची मांडतायत, मामी खुर्चीला वळसा घालून पुढं. थेट ओट्यावर जाऊन टेकल्या. दगडावरून हात फिरवत राहिल्या. आम्ही म्हटलं, मामी, ते बघा रोहित! "तुमी बघा ते," त्या म्हणाल्या. "मी माझं बघती."

ऊन चढलं तसं मामा म्हणाले, "चला आता."

"मी नाय येत. माहेरी आलीय मी. नवरा असा मागं चिकटून बसतो व्हय? जावा घरी. आन् रीतीनं न्यायला या."

आमचं हसून हसून लोळायचंच बाकी होतं. मामांनी डोकं खाजवलं, खुर्ची उचलली आणि खरंच परत गेले. शेवटच्या चिंधीखाली ऐटीत बसले. मग उठले, टोपी नीट केली, अन्वरचाचांच्या पिशवीतली नानखटाईची पुडी मागून घेतली आणि पाव्हण्यासारखे चालत आले.

"न्यायला आलोय."

"बसा," मामी पाण्याची बाटली पुढं करत म्हणाल्या. "आधी पाणी तरी घ्या."

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. झोपेतच. मी वर गेले तेव्हा मामी गॅलरीत त्याच खुर्चीत बसल्या होत्या. मी शेजारी जमिनीवर टेकले, तर त्याच म्हणाल्या, "गेलेत पुढं वाट बघायला. बसले असतील चिंध्या बांधत."

मग डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. "येतील की न्यायला. पण म्हणावं, घाई करू नका. पाणी उतरलं की मला आधी माहेरी जायचंय. काय गं, खुर्ची उचलशील ना?"