बॉयलरकाकांचा नळ

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, बॉयलरशेजारी एक नळ होता. करंगळीएवढी धार, सकाळपासून काम सुटेपर्यंत चालूच. बंद करायला कुणी हात पुढे केला की बॉयलरकाका खेकसत, "राहू दे! यंत्राला लागते ती."

खरं तर ती काकांनाच लागत होती. टाकीत पाणी किती ते दाखवणारी, काचनळीतली रेघ त्यांना हल्ली दिसेनाशी झाली होती. बॉयलर आणि हा नळ, दोघांना पाणी त्याच टाकीतून. धारेचा आवाज आहे तोवर टाकीत पाणी आहे; आवाज मंदावला की धावत जाऊन पंप सुरू करायचा. हे एकट्या काकूंना ठाऊक होतं. त्या पुढच्या खोलीत इस्त्री करत. चष्म्याचं नाव काढलं की काका म्हणत, "आंधळ्याला बॉयलरवर कोण ठेवील? घरी बसवायचंय का मला?"

अशात पर्यावरण खात्याचा नवा नियम आला. पाणी आणि इंधन कमी करा, नाहीतर परवाना विसरा. मालकीणताईंनी कंबर कसली. शेवटी कपडे खळबळून उरलेलं पाणी पहिल्या धुण्याला वळवलं, वाफेच्या पाइपांना जाड वेष्टण चढवलं. तरी मीटरवरचा पाण्याचा आकडा काही उतरेना. शोधत शोधत त्या धारेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हे कशाला?"

काका पंपावरची धूळ पुसू लागले.

"सांगा की आता," दारातून काकू म्हणाल्या.

"तू इस्त्री बघ, चादर जळेल."

"जळू दे!"

काकांनी मान खाली घातली. "रेघ दिसत नाही, ताई. कानावर काम चालवतोय. उद्यापासून येऊ नका म्हणालात तर..."

ताईंचा चेहरा उतरला. "आणि एखाद्या दिवशी ऐकू आलं नसतं तर? लहानपणी मी बॉयलरजवळ फिरकले तरी माझा कान पिळायचात. आता मी कुणाचा पिळू?"

काकांनी मुकाट्यानं कान पुढे केला. ताईंना भरल्या डोळ्यांनी हसू फुटलं.

टाकीत तरंगता गोळा आणि पाणी उतरलं की वाजणारी घंटा बसली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे काकांना ताई स्वतः घेऊन गेल्या. नळ बंद झाला तेव्हा खोली काकांना अगदी ओकीबोकी वाटली. सारखा कान तिकडेच जायचा.

मग चष्मा आला. काचेतली रेघ स्वच्छ दिसली. काका कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग वळले. वाफेपलीकडे काकू उशीचा अभ्रा झटकत होत्या.

"अगं, तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?"

"तुम्ही नळ ऐकत बसला होतात तेव्हा."