मिठागराच्या बांधावर

बायकोने लोणच्यासाठी खडेमीठ आणलं. मी मूठभर हातात घेतलं आणि त्या ओलसर वासासरशी मनाने १९७०च्या सुमाराला, खारी गावाजवळच्या मिठागरावर जाऊन पोचलो. गावातली सुमन तिथे काम करणाऱ्या आपल्या बापाची भाकरी घेऊन बांधावरून चालली होती. मी धीर करून तिला लग्नाचं विचारलं.

ती थांबली. "तू चांगला हायस, पन माझं मन तुझ्यावर न्हाय. खोटं कशाला बोलू?"

माझे डोळे भरून आले. तिने भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा. ऊन लय हाय."

ती भाकरी मी रडतरडतच खाल्ली. तेव्हा सुमन फार कठोर वाटली. आता वाटतं, तिने मला झुरत ठेवलं नाही, आणि उपाशीही जाऊ दिलं नाही.