ठिपक्यांचं पुस्तक

दाताने वायर सोलायची, तोंडातला प्लास्टिकचा तुकडा बाजूला थुंकायचा आणि उघड्या तारेच्या मागे चार बोटं जागा सोडून गाठ मारायची. एवढं झाल्याशिवाय तो कोणत्याच कामाला हात लावत नसे. लाल वायरला एक गाठ, हिरवीला दोन, काळीला एकही नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, "डोये लबाड असतात काका. बोटं नाई."

त्याचं नाव सांगत नाही. त्याचं लग्न व्हायचं आहे.

मी मेडशीला ग्रामपंचायतीत नळ सोडायच्या कामावर होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही नापास. विहिरीवरची मोटर वर्षातून दोनदा जळायची आणि जळाली की अख्खं गाव माझ्या नावाने बोंब मारायचं. पूर्वी ती मोटर गाडीत टाकून अकोल्याला न्यावी लागे. मग याने वाशिमहून आय.टी.आय. करून बस स्टॉपजवळ टपरी टाकली आणि माझी कटकट मिटली. मोटर भरायचा, म्हणजे आतल्या जळालेल्या तारेचे वेढे काढून नवे घालायचा. मिक्सर दुरुस्त करायचा, मोबाईल उघडायचा. घर आमच्या भिंतीला लागून, म्हणून संध्याकाळी आमच्याच ओसरीवर येऊन बसायचा. माझी बायको त्याला चहा द्यायची आणि शिव्याही द्यायची. आम्हाला पोरंबाळं नाहीत, हे इथे एकदाच सांगतो.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. बोलताना खाली पाहणारा, हातात काम आलं की एकदम मोठा होणारा. त्याने भरलेली मोटर पुन्हा जळाली नाही. विजेच्या कामात त्याच्या हातून एक वायर कधी चुकली नाही. माणूस म्हणून त्याच्यात शंभर खोडी होत्या. उधारी मागायला लाजायचा, शर्टाची बटणं वर-खाली लावायचा आणि भाजी आणायला पाठवला तर अर्धे टमाटे कच्चे आणायचा.

त्याला कंपनीत लागायचं होतं. कंपनी म्हणजे जिथे मोबाईलच्या आतल्या पाट्या बनतात ती, पुण्याकडची. इंझोरीच्या एका घरची पोरगी त्याला पसंत होती. पोरीच्या बापाने सरळ सांगितलं, "टपरीवाल्याले पोरगी देत नाई. कंपनीत लागला का या." कंपनीत वयाची अट अठ्ठावीसची. याला सत्तावीस पूर्ण झालेली होती. म्हणजे जे काय व्हायचं ते वर्षाच्या आत.

पहिल्या इंटरव्ह्यूला गेला तेव्हा माझा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तीन दिवसांनी परत आला आणि ओसरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. मी आणि बायको ऐकत होतो.

"दीडदोनशे पोरं होती काका. सगळ्यायच्या हातात फायली. आधी एका सायेबानं इंग्रजीत इचारलं, सोताबद्दल सांग. मी पाठ केलतं. अर्ध्यावर गेलो तं तो म्हने, बस. गांव में क्या करते हो? मी म्हनलं, मोटर भरता हूँ. तो म्हने, किससे भरते हो?"

बायको हसली. तोही हसला.

"मंग एक पाटी देल्ली. त्यात बारीक बारीक भोकं. मोहरीएवढे स्क्रू. चिमट्यानं धरून बसवाचे. मी चिमटा ठेवून देल्ला, बोटानं बसवले. सगळ्यायच्या आधी माझी पाटी झाली. तिथली बाई म्हने, चिमटा लो. मंग चिमट्यानं केलं, तरी पयलाच."

"मंग लागला का नाई?" मी विचारलं.

"मंग ठिपक्यायचं पुस्तक दाखोलं."

"कायचं?"

"पुस्तक. प्रत्येक पानावर गोल, गोलात ठिपके. डाक्टर म्हने, यात आकडा कोनता? मी म्हनलं, सायेब, यात ठिपके हायत. तो म्हने, ठिपक्यात पाह्य. मी म्हनलं, ठिपक्यात आनखी ठिपके हायत."

पाच पानं उलटली आणि डॉक्टरने त्याच्या कागदावर शिक्का मारला. लाल-हिरवं ओळखता येत नाही. पुढच्या खोलीत जाऊच दिलं नाही.

मला ते पटेना. मी समोरच्या जास्वंदीकडे बोट केलं. "हे फूल कोन्या रंगाचं हाय?"

तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "लाल असन. जास्वंद लालच असते."

"दिसते का पन?"

"सगळ्यालेच असं कमी-जास्त दिसत असन, असं मले वाटे काका."

तेव्हा मला त्या गाठी कळल्या. अकोल्याच्या दुकानातून वायर आणताना हा दुकानदाराच्या तोंडून रंग वदवून घ्यायचा आणि तिथेच गाठ मारायचा. जुन्या वायरला टेस्टर लावून तपासायचा आणि मग गाठ मारायचा. मी इतकी वर्षं ती त्याची सवय समजत होतो. बायको मात्र लगेच म्हणाली, "मले माहीत होतं. टमाटे पाहूनच समजलं होतं." आणि तोवर कधी बोलली नव्हती. ती तशीच होती. दुसऱ्याचं उणं तिला दिसायचं आणि ती झाकून ठेवायची. मला दिसलं की मी चौकात सांगायचो. गावात मला लोक तोंडाळ म्हणतात. मी त्याला सरळ बोलणं म्हणत आलो.

चार महिन्यांनी कळलं की वाशिमच्या एका कॉलेजात दुसऱ्या एका कंपनीचे लोक मुलाखती घ्यायला येणार आहेत. तीही मोबाईलचंच बनवणारी. याने कुठून तरी ते ठिपक्यांचं पुस्तक मोबाईलमध्ये मिळवलं आणि बायकोपुढे धरलं.

"काकू, यात तुमाले काय दिसते?"

माझ्या बायकोने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण आकडे ओळखायची. कॅलेंडरवरून शिकली होती. डोळ्याजवळ मोबाईल नेऊन म्हणाली, "सात. आन त्याच्या बाजूले चार."

मग रोज संध्याकाळी ओसरीवर शाळा भरायला लागली. त्याला आकडा दिसत नव्हता, पण ठिपके दिसत होते. खालच्या बाजूला दोन मोठे ठिपके चिकटलेले, म्हणजे चौऱ्याहत्तर. वर मधोमध एक एकटा बारीक, म्हणजे सहा. पान मागेपुढे केलं तरी तो ओळखायचा. चुकला की बायको लाटणं उगारायची. "पुन्हा पाह्य, गधड्या. पंधरा नाई ते." मोटर भरताना तारेचे वेढे मोजावे तसा तो ठिपके मोजत बसायचा.

मी म्हटलं, "ही लबाडी हाय."

बायको म्हणाली, "लबाडी कायची? आजवर त्याच्या हातची एखादी वायर चुकली का?"

"नाई चुकली."

"मंग ते पुस्तक लबाड हाय. तुमी चहा प्या."

वाशिमला त्याचं काम झालं. स्क्रूची पाटी तशीच होती, तिथे पुन्हा तो पहिला. तासभर एका जागी उभं राहायला लावलं, राहिला. पुस्तक उघडलं तेव्हा, तो सांगत होता, काकूचा आवाज कानात येत होता. सगळी पानं बरोबर. चार दिवसांनी मोबाईलवर पत्र आलं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. त्याने ते पत्र आधी माझ्या बायकोला दाखवलं, मग आपल्या आईला. इंझोरीला निरोप गेला. पोरीच्या बापाने त्या दिवशी पहिल्यांदा याला "जावईबापू" म्हटलं, फोनवर.

आता माझं सांगतो.

कंपनीच्या फॉर्मावर एक रकाना असतो. नात्यातला नसलेला, ओळखीचा माणूस. त्याचं नाव आणि नंबर. त्याने माझं लिहिलं होतं. दुपारी फोन आला. पोरीचा आवाज, फार अदबीने बोलणारी.

"काका, मी कंपनीतून बोलतेय. यांना तुम्ही ओळखता ना?"

"लहानपनापासून."

"वागणूक कशी आहे?"

"एक नंबर. दारू नाई, तंबाखू नाई, मान वर करून बोलत नाई."

"आणि काम?"

इथे मी "चांगलं" म्हणून थांबायला पाहिजे होतं. पण आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. कंपनी मला विचारते आहे, काका म्हणते आहे, माझ्या शब्दावर एका माणसाचं ठरणार आहे. मला चढलं.

"पोरी, तुले सांगतो," मी म्हणालो, "असा कारागीर तुमाले सापडाचा नाई. त्याले लाल-हिरवं दिसत नाई, तरी आजवर एक वायर चुकली नाई त्याची. गाठ मारते आन बोटानं पाह्यते. डोयेवाल्यायले जमत नाई ते काम हा करते."

ती पलीकडे काहीतरी टकटक टाइप करत होती. मग म्हणाली, "थँक्यू काका."

मी खुशीत फोन ठेवला. मागे वळलो तर बायको चुलीपासून उठून दारात उभी. हाताला भाकरीचं पीठ.

"काय केलं हे तुमी?"

"तारीफ केली त्याची."

तव्यावरची भाकर जळाली, तरी ती आत गेली नाही. मग एवढंच म्हणाली, "तुमाले खरं बोलाची लय हौस."

तिसऱ्या दिवशी तो आला. खाली पाहूनच बोलला. "रद्द झालं काका. माहिती लपोली म्हने."

मी त्याला विचारलं नाही, कोणी सांगितलं. त्यानेही म्हटलं नाही. बायकोने चहा आणला, त्याच्या हातात कप दिला आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर बोललेला मी माणूस, त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "मी नाई सांगनार त्याले. तुमीच सांगा."

उद्या सांगू म्हटलं. इंझोरीची सोयरीक मोडली. मग वाटलं, आता काय सांगायचं. त्याला अठ्ठावीस पूर्ण झाली. मग वाटलं, आता सांगून उपयोग काय.

त्याच पावसाळ्यात बायकोची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिसला न्यावं लागे. मी एकटा तिला गाडीत चढवू शकत नव्हतो, तो टपरी बंद करून सोबत यायचा. तिच्या खाटेवर त्याने पंखा बसवला. उकाडा फार म्हणाली, तर दुसरा बसवला. ती त्याचा हात धरून पडून राहायची आणि माझ्याकडे पाहायची. सांगा म्हणून पाहते आहे, हे मला कळायचं. मी उठून बाहेर जायचो, बैलाला पाणी पाजायच्या निमित्ताने. बैल तेव्हा विकलेले होते. ते तिलाही माहीत होतं.

ती गेली. चौथा खांदा त्याचा होता. मला बसल्या जागेवरून उठवून घाटावर नेणारा तोच होता.

तेरवी झाल्यावर, मांडव सोडत असताना, मी त्याला ओसरीवर बसवलं आणि सांगितलं. फोन आला होता, मी असं असं बोललो, तुझी नोकरी मी घालवली. सगळं सांगून झालं तरी तो मांडवाची सुतळी गुंडाळतच होता.

"माहीत हाय काका," तो म्हणाला. "कंपनीतल्या त्या पोरीनंच सांगतलं मले, त्याच दिवशी. म्हने, तुमचे काका लय चांगलं बोलले तुमच्याबद्दल."

"मंग तू बोल्ला काहून नाई?"

"काकूनं बोलू नाई देल्लं. मी भांडालेच आलतो तवा. तिनं मागच्या दारात अडोलं मले. म्हने, ते दुसऱ्याचं खरं जनमभर सांगत आले, आता सोताचंबी सांगतीन. थांब जरासा."

थांब जरासा. ती पाच महिने थांबली. तिच्यासमोर एकदा बोललो असतो तर तिची वाट पाहणं फुकट गेलं नसतं. नोकरीचं पाप माझ्या मूर्खपणाचं होतं, ते एखाद वेळी देव माफ करेल. हे दुसरं मी समजून-उमजून केलं.

दिवाळीनंतर त्याने टपरी विकली. एका ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवायच्या कामावर लागला. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, "रद्द केलं त्याच कंपनीत. मागच्या गेटानं." तिथे इंटरव्ह्यू नाही. उंची पाहिली, दंड दाबून पाहिले, झालं. मोहरीएवढे स्क्रू बसवणारी त्याची बोटं आता खोकी उचलतात.

जायच्या आदल्या दिवशी ठेकेदाराचा फॉर्म घेऊन तो आमच्या ओसरीवर भरायला बसला. ओळखीच्या माणसाचा रकाना आला तेव्हा त्याचा पेन थांबला. मी मान खाली घातली. त्याने लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याने माझ्या बायकोचं नाव लिहिलं होतं. खाली तिच्या फोनचा नंबर.

"तिचा फोन तुमच्याच जवय हाय ना काका?"

"हाय."

"असू द्या चालू."

सकाळच्या एसटीने तो गेला. पोचल्याचा निरोप त्याच्या आईकडे आला, माझ्याकडे आला नाही.

तिचा बटणांचा फोन मी रोज चार्जिंगला लावतो. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे. मानूस चांगला हाय, कामाले वाघ हाय, एवढं बोलून फोन ठेवायचा. आठ महिने होत आले, फोन वाजला नाही. परवा बस स्टॉपवर, अशाच कामावरून परत आलेल्या एकाला मी विचारलं, ठेकेदार कधी फोन करतात. तो हसायला लागला. म्हणाला, खोकी उचलणाऱ्याची चौकशी कोण करते बुवा.