धोक्याची बाई

"ही तीच का, खून केलेली?" पावणीनं ताट मागं ओढलं. मी भाकरी वाढत व्हते.

डॉक्टरसायबांची बायको हसली. "घाबरू नका. आता अगदी गरीब गाय झालीय. बाळसुद्धा दिवसभर तिच्याकडेच असतं."

मी मान खाली घालून वाढत ऱ्हायले. लाज मला वाटली. त्यास्नी न्हाय.

खून केला मी, व्हय. बाळंतपणानंतर डोकं फिरलं, कोयता उचलला, सासूला मारली. ते मी कुणापुढं नाकारत न्हाय. कोर्ट म्हणालं, बरी हुईस्तवर येड्यांच्या इस्पितळात ठेवा. तवा कोल्हापूर संस्थान व्हतं. संस्थान गेलं, नवं सरकार आलं, मी हितंच. डोकं दोन वरसांतच ताळ्यावर आलतं. म्हणून तर इस्पितळाच्या डॉक्टरसायबांनी आपल्या बंगल्यावर कामाला लावली. सकाळी पहाऱ्याची बाई कोठडीचं कुलूप काढायची, दिवेलागणीला परत घालायची.

पावणी जेवून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आजऱ्यास्नं आला. माझी लेक त्याच्याकडं हाय. मला घरी न्यायला त्यानं तीनदा अर्ज केला. सरकारी उत्तर त्यानं जाळीपलीकडनं वाचलं. "डॉक्टरांचा अभिप्राय, रोगी अद्याप धोकादायक."

मग रडाय लागला. "आक्का, पुन्यांदा काय केलंस का गं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तशीच बंगल्यावर गेले. बाळ रडत व्हतं, बाईसाहेबांनी माझ्याकडं दिलं. सायेब चहा पीत व्हते.

"सायेब, मी धोक्याची न्हवं? मग ह्ये पोर माझ्याकडं कसं देता?"

"अगं, बाहेर तुला कोण विचारणार? इथं पोटभर मिळतंय. आणि तू गेलीस तर हिचं आणि बाळाचं कसं व्हायचं?"

खरं बोलला बाबा. तेवढंच कारण व्हतं. बाळ मी बाईसाहेबांच्या मांडीवर हळूच ठेवलं.

"उद्यापास्नं मी येणार न्हाय."

"मग पुन्हा वेड उसळलं, असं लिहावं लागेल."

"लिवा."

लिवलं. आता दिवसभर कोठडी. पहाऱ्याची बाई सांगती, "पाय धर की सायबांचं, सुटशील." सुटून जायाचं कुठं, तर बंगल्यावर.

वरसातनं एकदा सरकारनं नेमलेली बाहेरची माणसं इस्पितळाच्या तपासणीला येत्यात. आजवर माझ्याबद्दल सायेबच बोलले. औंदा मी बोलणार. आधी सासूचं सांगणार, मग बंगल्याचं. येडी म्हणतील. म्हणूदेत. पुढल्या वरसी पुन्हा सांगणार. हितंच मरायची तयारी मी केलीया. बंगल्यावर जायाची न्हाय.