जाम नदीकाठचा भूगोल

आमच्या बॅचचे लोक एखाद्या लग्नात भेटले की पंगत बसायच्या आत कोणीतरी भूगोलाचं नाव काढतंच. मग एकाचा किस्सा संपत नाही तोच दुसऱ्याचा सुरू! गणिताचं एक सूत्र आठवत नाही, पण ऐंशीच्या दशकातला आमचा, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या शाळेतला अकरावी-बारावीचा भूगोल अजून जसाच्या तसा आहे. त्या दिवसांची फार आठवण येते, उगाच कशाला लपवू. वर्ग लहान होता आणि शिकवायला ढोबळे सर होते.

*

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. म्हणाले, "भोपाळकडं बोट दाखवा."

डोळे उघडले तर सगळ्यांची बोटं दक्षिणेला, सरळ नागपूरकडे! आमचा कपडा नागपूरचा, डॉक्टर नागपूरचा, मामा-मावश्या तिकडच्याच. राजधानी दुसरीकडे असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही.

"बाप्पा," सर म्हणाले, "तिकडं तुमची सोयरीक हाये. राजधानी नाई."

*

गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवायची, हे शिकवायला सरांनी संत्री मागवली. वर्गातल्या सुरेशच्या घरचा संत्र्यांचा बगीचा, तो टोपलीभर घेऊन आला. सरांनी एका संत्र्याचं अख्खं साल काढून टेबलावर दाबलं. ते चारी बाजूंनी फाटलं. "पाहा, जग सपाट केलं की कुठं ना कुठं फाटतेच," असं सांगून सर फळ्याकडे वळले. आकृती काढून परत फिरले तर टोपलीत नुसती सालं.

"पृथ्वी कुठं गेली रे?"

सुरेश तोंड पुसत म्हणाला, "सालं तं ठेवली ना सर. धडा सालाचाच होता."

*

जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात, तीच गोटमार. अशा जागी सरांनी नदीची रुंदी मोजायला मोजणीच्या साखळीचं एक टोक आमच्याकडे दिलं, दुसरं वर्गातल्या सावरगावकरांकडे, आणि सांगितलं, "ताणून धरा."

आम्ही ताणली. त्यांनीही ताणली. मोजायचं राहिलं बाजूला, कोणी सोडायलाच तयार नाही! शेवटी सुरेश पाण्यात आणि साखळी सावरगावात.

सरांनी कपाळाला हात लावला. "पोट्टेहो, साखळी मोजाले देल्ली होती, जिंकाले नाई."

पलीकडून सगळ्यात जोरात ओढत होती शोभा. वर्गातली एकटी मुलगी. तिचे वडील नगरपालिकेत नळ सोडायचे. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि हे ती कोणालाही, न विचारता सांगायची.

*

बारावीचं प्रॅक्टिकल. छिंदवाड्याहून परीक्षक आले. प्रॅक्टिकल बुडलं की वर्ष गेलं, आणि शोभाच्या घरी ठरलेलं होतं: पास झाली तर कॉलेज, नाही तर लग्न. नेमकं त्याच सकाळी तिच्या मामानं काटोलकडचे पाहुणे तिला पाहायला आणले. ही बातमी सावरगावच्या पोरांनी आणली आणि आमचं प्रॅक्टिकलमधलं लक्षच उडालं.

एकेक करून आमचे सगळ्यांचे नंबर झाले. शोभाचा पत्ता नाही. सरांनी परीक्षकांना चहा पाजला. पोहे खाऊ घातले. पुन्हा चहा पाजला. मग काही सुचेना तर शाळेची विहीर दाखवून आणली!

"और कोई बाकी है क्या?" असं विचारत परीक्षकांनी बॅग उचलली. सरांचा चेहरा उतरला. आम्हीही सगळे फाटकाकडे पाहत उभे होतो.

तेवढ्यात शोभा आत आली. नवी हिरवी साडी, तोंडाला पावडर, केसांत अबोली, पायात चप्पल नाही. पूल ओलांडून, भर बाजारातून तशीच आली होती.

सरांनी घाईघाईनं सर्वेक्षणाची काठी तिच्या हातात दिली. "एवढा उशीर कायले केला वं?"

"पाहुणे म्हनले, पोरी, चालून दाखव," शोभा धापा टाकत म्हणाली. "तं मी चालत आली."