फुग्यावरचे शेठ

मी पोहोचलो तेव्हा दिलीपशेठ बायोगॅसच्या फुग्यावर वाळूच्या गोणी रचून घेत होते आणि स्वयंपाकघरातून वंदनाताई ओरडत होत्या, "शेठ, आच नाय! भाकऱ्या कशा भाजू?"

कर्जतजवळचं शेठचं रिसॉर्ट. दुपारी साखरपुड्याची पंगत. मंडळी खालापूरकडची, भातशेतीवाली. त्यांना तांदळाची भाकरी टम्म फुगलेलीच लागते. वंदनाताई शेजारच्या गावातल्या. आजचं जेवण जमलं तर सीझनभराचं काम त्यांना, नाहीतर शेठच्या ओळखीच्या केटररला. मी प्लांटचा सर्व्हिस इंजिनिअर, म्हणून फोन मला.

प्लांट साधा. शेण-खरकटं कुजून गॅस होतो, रबरी फुग्यात साठतो. फुग्यावर वजन ठेवलं की प्रेशर वाढतं, शेगडी जोरात पेटते. इथे गोणी रचूनही ज्योत मेणबत्तीएवढी.

"गरम पाणी ओता रं," शेठ गड्यांना म्हणाले. "गॅस तापला की जोर धरतो."

ओतलं. शेगडी ढिम्म.

मी गोठ्यामागे गेलो. दसऱ्याला बसवलेला मोठा फुगा तिथे अर्धवट भरून ऐसपैस पसरला होता. दोन्ही फुगे जोडणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह सताड उघडा. गोणींखालचा छोटा फुगा दाबला की गॅस मोठ्यात, तापवला तरी मोठ्यात. प्रेशर वाढेल कशाला? आजवर चहा-नाष्ट्याला तेवढी आच पुरत होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

"शेठ, व्हॉल्व्ह बंद करा."

"पूजा झालीय त्याची. भटजींनी धागा बांधलाय, वर्षभर सोडायचा नाय."

व्हॉल्व्हचं हँडल खरोखरच लाल धाग्याने पाइपला करकचून बांधलेलं होतं. गडी मागे सरकले. खरं सांगतो, माझाही हात पुढे होईना.

वंदनाताई पिठाच्या हातांनी आल्या. चपला काढल्या, नमस्कार केला. "देवा, रागवायचंच तर शेठवर रागव," म्हणत सुरीने धागा कापला आणि हँडल फिरवलं.

शेगडी भडकली. पण आता टणक झालेल्या फुग्यावरून गोणी घसरू लागल्या. वेळ नव्हता, शेठ स्वतःच वर चढून बसले. त्यांच्या खिशातला लायटर मी आधी काढून घेतला. त्यांनी कूस बदलली की स्वयंपाकघरातली ज्योत उसळायची.

"शेठ, गप बसा! भाकरी करपतेय!"

पंगतीत भाकरीला मागणीवर मागणी. फोनवर केटरर विचारत होता, येऊ का? शेठ वरूनच ओरडले, "नको रं बाबा! वंदे, सीझन तुझा. आता तरी मला उतरू दे गं!"

"शेवटची पंगत उठू दे आधी," आतून उत्तर आलं.

दाब आणायचा असेल, तर आधी पळवाट बंद करावी. सर्व्हिस रिपोर्टमध्ये मी फक्त गॅसबद्दल लिहिलं.